तुम्ही विचारलंत म्हणून: युनियनचे सभासद कमी का झाले?

"हल्ली युनियनमध्ये कुणी का येत नाही? गिरणी संपात हात पोळले म्हणून ना?" हा प्रश्न सतत येतो. नुकती नोकरीला लागलेली मुलं विचारतात, कामगार प्रश्नांवर लिहिणारे विचारतात, आणि ज्यांच्या वडिलांनी लालबाग-परळच्या गिरणीत बदली कामगार म्हणून, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी, सुरुवात केली तेही विचारतात. आपुलकीनं विचारलेल्या प्रश्नाला दोन वाक्यांत वाटेला लावणं बरं नाही, म्हणून जरा सविस्तर.

आधी गिरणी संपाचं. तो १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि तो रीतसर मागे घेतल्याचं कधी जाहीरच झालं नाही. मुंबईच्या कापड कामगाराचं त्यानं कंबरडं मोडलं, हे खरं. पण त्या संपातली एक मोठी अडचण सभासदत्वाच्या कायद्याचीच होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात एका वेळी एकाच प्रातिनिधिक युनियनला बोलणी करायचा अधिकार होता आणि गिरण्यांत तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगार संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे गेले, तरी करारावर सही करायचा हक्क कागदोपत्री दुसऱ्यांकडेच राहिला. त्या संपानंतरही ठाणे-बेलापूर, भोसरी, सातपूर, वाळूज या पट्ट्यांतल्या इंजिनिअरिंग आणि केमिकल कारखान्यांत युनियन होत्या, तीन-तीन वर्षांचे करार होत होते. म्हणून १९८२ ला सगळं संपलं असं म्हटलं, की त्यानंतर जे घडलं ते नजरेआड होतं.

ते काय घडलं, हे कारखान्यात बघावं. चाकण किंवा रांजणगावच्या एखाद्या असेंब्ली लाइनवर ओळीनं उभे असलेले पाच जण घ्या. एक कायम, एक ट्रेनी, एक अप्रेंटिस, दोघे ठेकेदाराचे. बोल्ट तोच, टॉर्क तोच, सायकल टाइम तोच, चहाची सुट्टीही तीच. ओळखपत्राच्या पट्टीचा रंग तेवढा वेगळा. युनियनच्या वर्गणीची पावती पाचांतल्या एकाच्याच खिशात असते, आणि तो बहुधा पन्नाशीकडे झुकलेला असतो.

आता हिशेब करा. समजा कारखान्यात ५०० माणसं काम करतात, त्यांत कायम १२० आणि त्यांतले ११५ युनियनचे सभासद. युनियनच्या अहवालात सभासदत्व ९६ टक्के दिसतं, आणि ते खोटं नसतं. दरवर्षी सहा-सात जण निवृत्त होतात, एखादा स्वेच्छानिवृत्ती घेतो. त्यांच्या जागा कायम म्हणून भरल्या जात नाहीत. दहा वर्षांत सभासदांचा आकडा निम्म्याच्याही खाली येतो. या दहा वर्षांत एकाही माणसानं युनियनचा राजीनामा दिलेला नसतो, कुणाचा विश्वास उडालेला नसतो. सभासद होऊ शकेल अशा माणसाची भरतीच थांबलेली असते. मला विचाराल तर घसरणीचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे. बाकीची कारणं त्याच्या मागून येतात.

केंद्र सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीत हे स्पष्ट दिसतं. २००० च्या सुमारास कारखान्यांतल्या कामगारांपैकी साधारण पाचातला एक ठेकेदारामार्फत होता. अलीकडच्या पाहण्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर गेलं आहे. त्यात ट्रेनी आणि अप्रेंटिस मिळवा, मग लाइनवरचं चित्र जुळतं.

कायम भरती थांबवण्याची पद्धत समजून घ्यायची, तर २४० हा आकडा लक्षात ठेवायला हवा. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या सरकारी नमुन्यात, ४-सी नावाचं कलम होतं: बदली किंवा तात्पुरत्या कामगारानं बारा महिन्यांत २४० दिवस अखंड सेवा केली, की त्याला कायम करायचं. या कलमानं हजारो माणसं कायम झाली. मग नेमणुकीची पत्रं सात-सात महिन्यांची निघू लागली. सात महिन्यांत साप्ताहिक सुट्ट्या वजा केल्या तर भरतात १८० च्या आसपास दिवस. मग ब्रेक, आणि मग नवं पत्र, नवा टोकन नंबर, कधी नावाच्या स्पेलिंगमध्येही फरक. अशानं माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं ही १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा ठरवलेली आहे, अनुसूची ४ मधली सहावी बाब. पण तक्रार करायची मुदत ९० दिवसांची, आणि ब्रेकमध्ये घरी बसलेल्या माणसाला पुन्हा बोलावणं येईल अशी आशा असते. तो त्या ९० दिवसांत कोर्टात जात नाही. त्याला भित्रा म्हणू नका; त्याच्या जागी कुणीही थांबलं असतं.

ठेकेदारीचं कायद्यातलं वळण २००१ सालचं. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानुसार सरकार एखाद्या कामात कंत्राटी पद्धत बंद करू शकत होतं. ती बंद झाली की तिथले कामगार मूळ मालकाचे होतात, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये म्हटलं होतं. ऑगस्ट २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठानं तो निकाल फिरवला: कंत्राट बंद झालं तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. त्याच वर्षी सिप्ला आणि कल्याणी स्टील्सच्या प्रकरणांत ठरलं, की मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर कंत्राटी कामगाराला १९७१ च्या कायद्याखाली सरळ तक्रार करता येत नाही. आधी ते नातं योग्य त्या न्यायालयात सिद्ध करून आणायचं. म्हणजे एकाऐवजी दोन खटले, आणि पहिलाच दहा-बारा वर्षं चालू शकतो. हे निकाल आल्यावर कंत्राटी माणसाला सभासद करून घ्यायचं तर त्याला नेमकं काय मिळवून द्यायचं, हेच पुष्कळ युनियनना सांगता येईना.

ट्रेनीचा मार्ग आणखी सोपा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, असं कलम १८ मध्ये स्वच्छ लिहिलं आहे. शिकणाऱ्या मुलासाठी ते योग्यच होतं. पण पुढे पुणे पट्ट्यात 'नीम ट्रेनी' हा शब्द रूढ झाला, तो तांत्रिक शिक्षण परिषदेच्या एका योजनेवरून. तीन महिन्यांपासून छत्तीस महिन्यांपर्यंत प्रशिक्षण, हातात विद्यावेतन, प्रॉव्हिडंट फंड नव्हता, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) नव्हता. कारखान्यात तीन वर्षं पूर्ण उत्पादन काढून मुलगा बाहेर पडायचा तेव्हा त्याच्याकडे प्रमाणपत्र असायचं, पण कामगार म्हणून एका दिवसाचीही नोंद नसायची.

आता जे लिहितो आहे ते चळवळीतल्या मित्रांना टोचेल, पण लिहायला हवं. यातला बराचसा भाग आपल्या सहीनं झाला. त्रैवार्षिक कराराची बोलणी कशी होतात, ते आठवा. युनियन मागणीपत्र देते: मूळ पगारात वाढ, महागाई भत्ता, घरभाडे, कँटीन, मेडिक्लेम. व्यवस्थापन आपलं मागणीपत्र पुढे करतं: उत्पादकता, मनुष्यबळाची लवचीकता, 'बिगर-मुख्य' कामं बाहेर देणं. रक्कम वाढत जाते तशी दुसऱ्या बाजूची कलमं आत येतात. आधी कँटीन आणि बागकाम जातं, मग पॅकिंग, मग मटेरियल हँडलिंग. पुढच्या करारात 'पीक लोडसाठी' लाइनवर तात्पुरती माणसं घ्यायला हरकत नाही, असं एक वाक्य येतं. त्याच्या पुढच्या करारात नव्या कायम कामगारांसाठी वेगळी, कमी वेतनश्रेणी. दरमहा बारा-पंधरा हजारांची वाढ आणि थकबाकी हातात पडते, पेढे वाटले जातात. सभासदांनी बहुमतानं मान्य केलेलं असतं, त्यामुळे कमिटीला दोषही देता येत नाही. पण ज्यांच्यावर त्या कलमांचा परिणाम होणार, ते त्या सभेत नसतात. त्यांना मत नव्हतं. दहा वर्षांनी तीच कमिटी संपाची नोटीस देते, तेव्हा व्यवस्थापन उरलेल्या ७० टक्के माणसांवर लाइन चालवून दाखवतं.

नवीन कारखान्यात युनियन उभी करणं का जमत नाही, हाही तुमच्या प्रश्नाचा भाग आहे. नोंदणीसाठी अर्जावर किमान सात जणांच्या सह्या लागतात. शिवाय २००१ च्या दुरुस्तीपासून आस्थापनेतल्या १० टक्के किंवा १०० कामगारांचं, यांपैकी जे कमी त्या संख्येचं, सभासदत्व दाखवावं लागतं. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही तीच अट आहे. ती काही अवघड नाही. अवघड असतो अर्ज दिल्यापासून प्रमाणपत्र मिळेपर्यंतचा काळ. पडताळणीच्या निमित्तानं नावं व्यवस्थापनापर्यंत पोहोचतात. आठवड्याभरात एकाची बदली दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला, दुसऱ्याला जुन्या गैरहजेरीची चार्जशीट, तिसऱ्याला 'टीम लीडर' म्हणून बढती. संरक्षित कामगाराचा दर्जा मिळतो तो नोंदणीकृत युनियनच्या पदाधिकाऱ्यांना, त्यातही संख्येची मर्यादा, आणि तोही एखादा वाद प्रलंबित असेपर्यंतच उपयोगी. पहिल्या तीन-चार महिन्यांत, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा अंगावर काहीच कवच नसतं. म्हणून जाणते लोक सातवर थांबत नाहीत. वेगवेगळ्या पाळ्यांतल्या, वेगवेगळ्या विभागांतल्या निदान चाळीस-पन्नास जणांचे सभासद अर्ज भरून होईपर्यंत निबंधकांकडे अर्ज देत नाहीत. सातांना हलवता येतं, पन्नासांना एकदम हलवलं तर उत्पादन अडतं.

नोंदणीनंतर मान्यता, म्हणजे व्यवस्थापनाशी बोलणी करायचा अधिकार. गेली पन्नास वर्षं महाराष्ट्रात ती १९७१ च्या कायद्यानं ठरत आली: ५० किंवा अधिक कामगारांच्या उपक्रमात, अर्जाच्या आधीचे सलग सहा महिने किमान ३० टक्के सभासदत्व. वर्गणी महिना किमान ५० पैसे. सहा महिन्यांत तीनपेक्षा जास्त महिन्यांची थकली, तर तो माणूस सभासद धरला जात नाही. कार्यकारिणीच्या दोन सभांत तीन महिन्यांहून जास्त अंतर नको, आणि ठराव इतिवृत्ताच्या वहीत हवेत. औद्योगिक न्यायालयाचा तपासणी अधिकारी येतो तेव्हा सगळी मदार एका साध्या वस्तूवर असते: पावती पुस्तक.

ते पुस्तक उघडून बघितलं की युनियनची तब्येत कळते. निरोगी पुस्तकात शाई बदलत जाते, अक्षर दोन-तीन जणांचं असतं, कुठे ग्रीसचा डाग, कुठे खाडाखोड करून शेजारी सही. पावतीवर नाव, टोकन नंबर, विभाग, महिना, रक्कम; स्थळप्रतीवर तेच; सभासद नोंदवहीत त्याच तारखेला तीच नोंद; आणि आठ-दहा दिवसांत बँकेत जवळपास तेवढीच रक्कम भरलेली. आजारी पुस्तकात सहा महिन्यांच्या सव्वाशे पावत्या एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिलेल्या असतात. क्रमांक ८१ जूनचा आणि ८२ मार्चचा. बँकेत एकदाच ठोक रक्कम. समोरच्या युनियनचा वकील पाच मिनिटांत ते दाखवून देतो आणि खरोखर सोबत असलेली माणसंही यादीतून उडतात. माणसं खरी होती, कागद आळसानं खोटे झाले. असे अर्ज पडताना फार हळहळ वाटते.

पावती पुस्तक आजारी पडतं त्याला वर्गणी गोळा करायची पद्धत कारण आहे. पूर्वी पगाराच्या दिवशी विभागातला कमिटी मेंबर सभासदाकडे जायचा, पाच मिनिटं बोलायचा, पावती फाडायचा. पगार बँकेत जमा होऊ लागला तेव्हा वर्गणी पगारातून कापून घेणं सोपं वाटलं. त्याहून पुढे, कराराच्या थकबाकीतून एकदाच ठरावीक टक्के घ्यायची पद्धत आली. पैसा आला, संपर्क गेला. तीन वर्षांतून एकदा भेटणाऱ्या युनियनकडे सभासद विमा कंपनीकडे बघावं तसं बघतो. आणि वर्गणी व्यवस्थापनाच्या संगणकातून येते, तेव्हा कोण सभासद आहे, कुणी नाव काढलं, हे युनियनच्या आधी व्यवस्थापनाला कळतं.

नव्या औद्योगिक संबंध संहितेबद्दलही विचारलं जातं. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात एकट्यानं वाटाघाटी करायच्या तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचं सभासदत्व लागतं. कुणाकडेच ते नसेल तर किमान २० टक्के असलेल्या युनियनची मिळून वाटाघाटी परिषद होते. ३० वरून ५१ झालं एवढंच बहुतेक लोक बघतात. मला काळजी 'हजेरीपट' या शब्दाची वाटते. ठेकेदाराचा माणूस कंपनीच्या पटावर नसतो, म्हणून तो मोजला जात नाही. ठरावीक मुदतीवर घेतलेला कामगार मात्र कंपनीचाच, तो पटावर असतो. वर्षाची मुदत संपली की नूतनीकरण न करणं ही संहितेत कपात धरली जात नाही. तो पावती फाडायला घाबरणार, पण ५१ टक्क्यांच्या हिशेबात त्याचं डोकं धरलं जाणार. अशा नेमणुका वाढल्या, की कायम कामगारांच्या एकजुटीच्या युनियनलाही एकटीच्या बळावर ५१ गाठता येणार नाही. म्हणून या मुलांना आजच सभासद करून घेणं भाग आहे.

आणि हो, सगळीकडे घसरणच आहे असंही नाही. केंद्रीय कामगार संघटनांच्या सभासदांच्या सरकारी पडताळणीत १९८९ साली सुमारे १ कोटी २३ लाख सभासद होते, २००२ साली २ कोटी ४८ लाख. ही वाढ मुख्यतः शेतमजूर आणि असंघटित क्षेत्रातली. अंगणवाडी सेविका, आशा, घरकामगार यांच्या संघटना आपल्याकडे जोमानं उभ्या राहिल्या. त्यांना कायम कामगाराचं कार्ड कधी मिळालंच नव्हतं, त्यामुळे सभासद व्हायला ते लागतं अशी त्यांची समजूतही नव्हती. माथाडींचं उदाहरण तर आपल्या मातीतलं. १९६९ च्या कायद्यानं हमालाची नोंदणी मालकाकडे न करता माथाडी मंडळाकडे केली. मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरलेली जादा रक्कम, मंडळात भरायची. फंड, बोनस, वैद्यकीय खर्च त्यातून. मालक बदलला तरी नोंदणी तीच राहते. म्हणून अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली संघटना बाजार हलला तरी टिकली. बोगस टोळ्या, लेव्ही चुकवणं हे रोग तिथेही आहेत, पण सभासदत्व कामाला जोडलेलं असलं की ते कसं टिकतं, हे तिथे दिसतं.

आयटीतल्या मुलांचं थोडक्यात सांगतो. पदाचं नाव एक्झिक्युटिव्ह किंवा इंजिनिअर असलं म्हणून कामगार कायदा लागू होत नाही, हा गैरसमज आहे. न्यायालय नाव बघत नाही, प्रत्यक्ष काम काय ते बघतं. देखरेख करणाऱ्याला पगाराची मर्यादा आहे, स्वतः तांत्रिक काम करणाऱ्याला ती नाही.

शेवटी नेहमी येणारा उपप्रश्न: "मी ठेकेदाराकडे आहे, मला सभासद होता येतं का?" येतं. कायद्यात कायम-कंत्राटी असा भेद नाही. अडतं ते युनियनच्या स्वतःच्या नियमावलीत, जिथे सभासदत्वाच्या कलमात 'कंपनीचे कायम कामगार' असे शब्द कधीकाळी घातलेले असतात. ते शब्द सर्वसाधारण सभेच्या ठरावानं बदलता येतात, आणि बदल निबंधकांना कळवायचा असतो. जुन्या कायद्यात त्यासाठी पंधरा दिवसांची मुदत होती. कंत्राटी सभासदांसाठी पावती पुस्तक वेगळं ठेवा, वर्गणी परवडेल एवढी कमी ठेवा, पण दर महिन्याला घ्या. कमिटीत त्यांच्यातले निदान दोघे असू द्या. आणि पहिलं काम म्हणून समान वेतनाचा अर्ज करा. कायम कामगारासारखंच काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला तेच वेतन, ही अट कंत्राटी कामगारांच्या केंद्रीय नियमांत १९७१ पासून होती. ती फारशी कुणी वापरली नाही.

सभासद होणाऱ्यानं आपल्याकडे चार गोष्टी जपाव्यात: गेटपासची झेरॉक्स, पगाराच्या पावत्या, कंपनीच्या सुपरवायझरनं दिलेल्या कामाच्या सूचनांचे मेसेज, आणि फंडाचं पासबुक. हे पासबुक यूएएन या फंडाच्या कायमच्या क्रमांकावर मोबाइलमध्ये निघतं. त्यात नऊ वर्षांत पाच ठेकेदारांची नावं एकाखाली एक दिसतात, आणि एकाचा शेवटचा हप्ता ज्या महिन्यात, त्याच्या पुढच्याच महिन्यात दुसऱ्याचा पहिला. कंत्राट बदलत गेलं, माणूस त्याच मशिनवर राहिला, याचा इतका चांगला पुरावा दुसरा नाही. तो आज रात्रीच डाउनलोड करून घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा, कारण नोकरी गेल्यावर ऑफिसमधल्या कपाटाला हात लावू देत नाहीत.